लुगड्याच्या दोन घड्यांत दडलेला नमुना

प्रश्न : मी सोनाळ्याची, तालुका संग्रामपूर. आमच्या घरी आजेसासूबाईंनी शिवलेल्या चार वाकळा आहेत. हिवाळ्यात सातपुड्याकडून वारं सुटलं की कपाटातली नवी ब्लँकेटं तशीच राहतात आणि घरातले सगळे वाकळा ओढायला धावतात. मलाही वाकळ शिवायची आहे. क्रोशाचे, भरतकामाचे नमुने मोबाइलवर हवे तेवढे मिळतात, पण आपल्या वाकळेचा नमुना कुठेच सापडला नाही. आजेसासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "त्याले कायचा नमुना लागते वं पोरी? बसलं का होते." वाकळेला खरंच नमुना नसतो का?

उत्तर : असतो, आणि चांगला पक्का असतो. तो कागदावर नाही म्हणून दिसत नाही, इतकंच. आजेसासूबाईंना त्याची गरज वाटत नाही, कारण तो त्यांच्या हातात आणि लुगड्यात आहे. आपल्याला तिथूनच तो उतरवून घ्यायचा आहे.

घरात एखादं जुनं सुती नऊवारी असेल तर आजच काढा आणि मापं घ्या. नऊ वार म्हणजे 324 इंच, पन्हा साधारण 45 इंच. आता ते लांबीत एकदा दुमडा, म्हणजे 162 इंच झालं. पुन्हा एकदा दुमडा, 81 इंच झालं. दोन घड्यांत चार थर तयार झाले आणि माप आलं पावणेसात फूट बाय पावणेचार फूट. एका माणसाची वाकळ! कात्री लागली नाही, टेप लागला नाही, कापडाचा एक तुकडा वाया गेला नाही.

अजून गंमत पुढे आहे. घडी घातल्यावर लुगड्याचे दोन्ही काठ वाकळेच्या दोन्ही लांब बाजूंना येतात. काठाची वीण मधल्या कापडापेक्षा घट्ट असते, म्हणून जिथे हात लावून ओढायचं तिथेच वाकळ मजबूत होते. उरल्या दोन आखूड बाजू. त्यांतल्या एकीला नुसत्या घड्या आहेत, सुटं टोक नाहीच. दुसरीला मात्र पदराचं आणि त्याच्या विरुद्धचं अशी दोन टोकं उघडी राहतात. म्हणजे चार बाजूंपैकी आत मुडपून शिवायची बाजू एकच. ज्या कोण्या बाईने हे पहिल्यांदा केलं असेल तिने भूमितीचं पुस्तक पाहिलं नसेल, पण भूमिती तिला येत होती.

प्रश्न : आजेसासूबाईंची लुगडी एका बाजूने फार विरली आहेत. काहींना मध्ये जोड आहे. अशी लुगडी चालतील का?

उत्तर : चालतील. वाकळ अशाच लुगड्यांची असते. मधला जोड म्हणजे दंड. लुगडं मध्ये फाटलं की फाटका भाग कापून टाकायचा, चांगले दोन भाग एकमेकांना जोडायचे आणि पुन्हा नेसायचं. दंड घातलेलं लुगडंही विरलं की मग त्याची वाकळ. आपल्याकडे कापड असं तीन जन्म जगायचं.

विरलेला भाग कुठे ठेवायचा, याचंही उत्तर घडीतच आहे. पहिली घडी घातल्यावर लुगड्याचा एक अर्धा भाग वर असतो आणि एक खाली. जो अर्धा भाग जास्त विरला आहे तो वर ठेवा आणि मग दुसरी घडी घाला. वरचा भाग स्वतःवरच मिटतो, त्यामुळे विरलेलं सगळं कापड मधल्या दोन थरांत जातं. वर आणि खाली दोन्हीकडे चांगलं कापड येतं. खरं वाटत नसेल तर कागदाची एक लांब पट्टी घ्या, अर्ध्या भागाला पेन्सिलीने रंग द्या आणि दोन घड्या घालून पाहा.

आत गेलेल्या भागाला मोठी भोकं असतील तर तिथे जुन्या धोतराचा किंवा सदऱ्याचा तुकडा पसरून ठेवा. नाहीतर तेवढीच जागा पातळ राहते आणि थंडी नेमकी तिथूनच शिरते.

प्रश्न : कापड कोणतं घ्यायचं? आता घरात सुती लुगडी फारशी उरली नाहीत.

उत्तर : जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं आणि निव्वळ सुती. या तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. नव्या कापडात खळ असते, सुई जड जाते आणि पहिल्याच धुण्यात ते आटतं. चार थरांतला एक आटला आणि तीन आटले नाहीत की सबंध वाकळ चुरगळते. जुनं कापड जेवढं आटायचं तेवढं आधीच आटून गेलेलं असतं, म्हणून ते विश्वासाचं.

पॉलिस्टरची भेसळ ओळखायची असेल तर कापडाच्या कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटाने चुरगळेल अशी मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर ते वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला तर ते कापड बाजूला ठेवा. ते घाम टिपत नाही, थरांमध्ये सरकतं आणि त्याच्या शेजारचं सूत आधी फाटतं.

नऊवारी नसेल तर सुती चादरी, धोतरं, ओढण्या, सदऱ्यांच्या पाठी, सगळं चालतं. फक्त आधी ते 81 बाय 45 इंचांच्या मापात बसवा, सगळ्यांत अखंड दोन तुकडे वर-खाली ठेवा आणि लहानसहान तुकडे मधल्या थरांत पसरा. तुकड्यांच्या कडा एकमेकांवर दोन बोटं चढू द्या. नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तर फटी पडतात.

प्रश्न : प्रत्यक्ष शिवायची कशी? पहिल्यापासून सांगा.

उत्तर : वाकळ मांडीवर घेऊन सुरू करू नका. ती जमिनीवरच मांडायची. ओसरी झाडून पुसून घ्या, वर सतरंजी अंथरा आणि घडी घातलेलं लुगडं पसरा. चार कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवा. माझ्या लहानपणी पाटा, वरवंटा, लोखंडी खलबत्ता आणि पाण्याने भरलेला तांब्या, असे आमचे चार राखणदार असायचे. मग दोन्ही तळव्यांनी मधून कडेकडे कापड सारखं करत जायचं, चारही थरांतली हवा आणि चुण्या बाहेर जाईपर्यंत.

आता कच्चे टाके. मधून चारही दिशांना, वीत-वीत अंतरावर, बोटभर लांब टाके घाला. हे शेवटी काढून टाकायचे आहेत, पण ते नसतील तर थर सरकतात आणि वाकळ शिवता शिवता तिरकी होते. नवशिक्या हातांची वाकळ बिघडते ती बहुतेक इथेच, घाईने.

मग उघडी बाजू आत मुडपायची आणि सगळ्या कडेने दोन फेरे जवळजवळ घालायचे. इथून पुढे धावदोरा, तोच एक टाका शेवटपर्यंत. कडेपासून एक इंच आत दुसरी ओळ, तिच्याआत एक इंचावर तिसरी. कोपरा आला की काटकोनात वळायचं. चौकटीत चौकट, तिच्यात चौकट. ओळ सरळ राहावी म्हणून पट्टी लागत नाही. डाव्या हाताची दोन बोटं आधीच्या ओळीला टेकवून ठेवायची आणि सुई त्यांच्या कडेकडेने न्यायची.

दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्याला पीळ पडतो, गुंता होतो आणि सारखा कापडातून जाऊन जाऊन तो झिजतो. गाठ थरांच्या आत लपवा. उघड्या गाठी अंगाला टोचतात आणि धुताना सुटतात. सुई मोठ्या नेढ्याची घ्या, पण दाभण नको. दाभणाने विरलेल्या कापडाला भोकं पडतात.

टाका घेण्याची एक खुबी आहे, ती डोळ्यांनीच पाहावी लागते. माझी आजी एकेक टाका घेऊन दोरा ओढायची नाही. ती सुई जागेवर जवळजवळ स्थिर ठेवायची आणि कापडच वर-खाली हलवून पाच-सहा चुण्या सुईवर चढवायची. मग अंगुस्तान घातलेल्या बोटाने सुई पुढे लोटायची आणि दोरा सर्रकन एकदम ओढायची. डावा हात सगळा वेळ कापडाखाली असायचा, सुईचं टोक चारही थर पार करून आलं की नाही हे तपासत. त्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला बारीक घट्टा होता. वाकळ उलटी करून पाहिली तर पाठीमागचे टाके समोरच्यासारखेच दिसायचे, ते त्या बोटामुळे.

प्रश्न : यात किती दोरा लागेल, किती दिवस लागतील?

उत्तर : हिशेब करूच. 81 गुणिले 45 म्हणजे 3,645 चौरस इंच. ओळी एक इंच अंतराने घातल्या तर शिवणीची एकूण लांबीही साधारण तेवढेच इंच भरते, म्हणजे नव्वद मीटरच्या थोडी वर. दोरा दुहेरी घेतला, वळणं-गाठी धरल्या, तर दोनशे-सव्वादोनशे मीटर दोरा जवळ ठेवा. इंचाला तीन टाके धरले तर वाकळेत सुमारे अकरा हजार टाके होतात. मिनिटाला दहा टाक्यांचा हात बसला तर अठरा तासांचं काम. रोज दुपारी दोन तास बसलात तर नऊ दिवस.

आकडा ऐकून धीर सोडू नका. पहिला, अगदी कडेचा फेरा 252 इंचांचा म्हणजे 21 फुटांचा असतो, पण पुढचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा आठ इंचांनी लहान होत जातो. बाविसाव्या-तेविसाव्या फेऱ्याला तुम्ही मध्यावर येता आणि मधोमध एकच सरळ रेघ उरते. तिची लांबी 81 वजा 45, म्हणजे 36 इंच. जुन्या मापात बरोबर दोन हात. ही दोन हातांची रेघ लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

पहिल्याच खेपेला एवढं मोठं नको वाटत असेल तर बाळाची गोधडी करा. सहावारी सुती साडी 216 इंचांची धरा. पन्हा 45 इंच, म्हणून 45-45 इंचांचे चार चौकोन कापा. चार थर झाले, 36 इंच कापड उरलं. त्याच्या चार इंची पट्ट्या काढून चारी बाजूंना गोट लावा. एका साडीत गोटासकट गोधडी. जुनं मऊ कापड तान्ह्या बाळाच्या कातडीला घासत नाही, घाम टिपतं आणि लवकर वाळतं. नव्या बाळाला जुन्या कापडात गुंडाळण्याची आपली रीत यासाठीच टिकली.

प्रश्न : मशीनवर शिवली तर?

उत्तर : शिवता येते, पण जुन्या कापडासाठी मी हातशिलाईच सांगेन. मशीनचे टाके आखूड, ताठ आणि एकाच रेषेत दाट असतात. विरलेल्या कापडावर ती रेघ तिकिटाच्या कडेच्या भोकांसारखी होते, ताण आला की तिथूनच फाटतं. धावदोऱ्याला थोडी ढील असते. माणूस कूस बदलतो, लेकरं ओढाओढी करतात, तेव्हा कापड आणि दोरा दोघंही थोडे सरकून घेतात. शिवाय घट्ट टाक्यांनी थर एकमेकांना चिकटतात. वाकळेची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. टाके सैल असतील तर चार थरांमध्ये हवेचे तीन पडदे राहतात. मऊ, सुरकुतलेलं, छोट्या छोट्या उंचवट्यांचं जे अंग हाताच्या वाकळेला येतं, ते त्यामुळेच.

प्रश्न : घरातले काही जण म्हणतात, चिंध्यांची वाकळ ही गरिबीची खूण, ती पाहुण्यांसमोर कशाला? तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : ती टंचाईतून जन्मली हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण टंचाई कशाची होती, हे आपल्या वऱ्हाडात राहून समजून घ्यायला हवं. कापसाची नव्हतीच. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. गाठी बांधून कापूस मुंबईला आणि तिथून सातासमुद्रापार जाऊ लागला. कापूस शेतातून गेला आणि परत आला कापड होऊन, ते विकत घ्यायला लागलं. पुढे नागपुरात 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, देशात गिरण्या वाढल्या, तरी शेतमजुरी करणाऱ्या बाईला वर्षाला लुगडं मिळणं सोपं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं. कंट्रोलचं कापड हा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून सापडतो.

ज्या हातांनी बोंडं वेचली त्याच हातांनी चिंध्या जोडल्या. वाकळ पाहिली की मला हे आठवतं. म्हणून ती पाहुण्यांसमोर अंथरायला लाजू नका.

आपल्याच वऱ्हाडातल्या शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर वागवलं. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, कुठे चिंधे बुवा म्हणत. त्यांनी लाखो रुपये उभे करून धर्मशाळा बांधल्या, शिक्षणाला मदत केली, स्वतःच्या अंगावरचं ठिगळ मात्र तसंच ठेवलं. त्यांच्या मुलखातल्या माणसाने वाकळेची लाज वाटून घ्यावी, हे मला पटत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. बंगालमध्ये हाच धावदोरा कांथा झाला, बिहारमध्ये सुजनी. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बाया कवंदी शिवतात. त्याही कडेपासून आत आत येतात, जाता जाता तुकडे मुडपून बसवतात आणि चार कोपऱ्यांना रंगीत घड्यांची फुलं लावतात. जपानच्या उत्तरेला थंडीमुळे कापूस पिकत नव्हता. तिथे सुती चिंधी एवढी मोलाची होती की ती तागाच्या कपड्यांवर पिढ्यान् पिढ्या थरांवर थर टाचली जायची. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं छोटं गाव आहे. गुलामगिरीतून आलेल्या, कापसाच्याच शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं. तिथल्या बाया कामाच्या फाटक्या कपड्यांच्या वाकळा शिवत. त्यांचा एक आवडता नमुना म्हणजे चौकटीत चौकट, तिच्यात चौकट. 2002 मध्ये त्या वाकळा ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. कापूस पिकवणाऱ्या दोन मुलखांतल्या बाया, मध्ये दोन महासागर, एकमेकींची भाषाही ठाऊक नाही, आणि चौकट मात्र तीच.

आपल्या गोधड्यांवरही गीता खंडेलवाल यांनी गावोगाव हिंडून ‘गोधरीज ऑफ महाराष्ट्र’ हे इंग्रजी पुस्तक केलं. त्यातली चित्रं पाहिली की आजेसासूबाईंच्या चार वाकळांकडे तुमच्या घरातले लोक नव्या नजरेने पाहतील.

प्रश्न : वाकळ धुवायची आणि जपायची कशी?

उत्तर : घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली पद्धत आहे, ती पाळलीत तरी पुरे. पाऊस ओसरत आलेला असतो, पाणी मुबलक असतं आणि पुढे हिवाळा उभा असतो. पाण्याबद्दल मात्र एक काळजी घ्या. तुमच्या तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, साबण कापडातच बसतो आणि वाकळ वाळल्यावर ताठ होते. नात्यातलं कोणी त्या भागात राहत असेल तर त्यांना सांगा, शेवटचं खळबळणं तरी गोड पाण्यात किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा.

ओली वाकळ फार जड होते. एकटीने उचलू नका आणि पिळू तर मुळीच नका, टाके तुटतात. दोघींनी मिळून आडव्या बांबूवर टाका, पाणी आपोआप निथळू द्या. उन्हात दोन्ही बाजूंनी कडक वाळली की मगच घडी घाला. घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. ठिगळ लावायची वेळ आली तर जुनं कापड काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नका, वरूनच नवा तुकडा लावा. वाकळ अशीच वाढत जाते.

प्रश्न : माझ्या आईच्या रुखवतातलं क्रोशाचं तोरण आहे. त्यावर पोपट आणि वेल आहे. ते जीर्ण झालंय. त्याचा नमुना उतरवता येईल का?

उत्तर : येईल, आणि वाकळेपेक्षा सोपं पडेल, कारण तिथे सगळा खेळ मोजणीचा आहे. बहुतेक जुनी तोरणं चौकोनांची असतात. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, हा झाला रिकामा चौकोन. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की चौकोन भरला. भरलेल्या चौकोनांतून पोपट उमटतो, रिकाम्यांतून आकाश.

तोरण काळ्या कापडावर टाचण्यांनी ताणून लावा. शाळेतला आलेखाचा कागद घ्या आणि तळाच्या ओळीपासून मोजत जा. भरलेल्या चौकोनाला पेन्सिलीने रंग द्या, रिकामा तसाच सोडा. जिथे तोरण फाटलंय तिथे वेलीची पुनरावृत्ती बघून जागा भरा. विणताना ओळीत जितके चौकोन असतील त्याच्या तिप्पट अधिक एक, इतक्या खांबांची जागा धरा. वीस चौकोनांना एकसष्ट. वळणाच्या साखळ्या वेगळ्या.

मोबाइलवरचे परदेशी नमुने वापरताना एकच जपा. अमेरिकी नमुन्यात ज्याला डबल क्रोशे म्हणतात, तोच टाका ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल असतो. नमुना कुठला हे न पाहता सुरुवात केली तर रुमालाचा पोपट चपटा होतो.

प्रश्न : शेवटचं. आजेसासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांच्याकडून शिकायला उशीर झाला का?

उत्तर : नाही. पण आता आणखी उशीर करू नका.

कमलाबाई ओगल्यांचं पाककृतींचं पुस्तक ‘रुचिरा’ 1970 साली आलं. पुरणपोळी त्याआधीही घरोघर होत होती, सासवा सुनांना ‘अंदाजाने घाल’ एवढंच सांगत होत्या. कमलाबाईंनी तो अंदाज वाटी आणि चमच्यात मोजून लिहून ठेवला, आणि आईपासून दूर राहणाऱ्या हजारो मुली त्यावर स्वयंपाक शिकल्या. वाकळेच्या बाबतीत ते काम बरंचसं बाकी आहे. प्रत्येक घरचा हात वेगळा असतो, म्हणून ते घरोघर करावं लागेल. सोनाळ्यातल्या एका घराचं तुम्ही करा.

एक वही करा. आजेसासूबाईंच्या चारही वाकळा एकेक करून अंथरा. लांबी-रुंदी मोजा, थर मोजा, दोन ओळींमधलं अंतर आणि इंचातले टाके मोजा. कोपरा कसा वळवलाय त्याचं चित्र काढा. मग त्यांचा हात धरून वाकळेवरून फिरवा आणि प्रत्येक तुकड्यापाशी विचारा, हे कोणाचं? डोळ्यांना दिसत नसलं तरी त्यांचं बोट ओळखेल. हे सासऱ्याचं धोतर, हे थोरलीच्या बारशाचं, हे मी आजारी होते तेव्हाचं. तेही वहीत लिहा. हा नमुन्याचाच भाग आहे. कोणता तुकडा आत गेला आणि कोणता वर ठेवला, हे त्यांनी उगीच ठरवलेलं नसतं.

आणि तुमची पहिली वाकळ त्यांच्यासोबतच मांडा. त्यांना एका लांब बाजूला बसवा, तुम्ही समोरच्या बाजूला बसा. सुईत दोरा तुम्ही ओवून द्या, टाका त्यांना घालू द्या. तो वाकडा गेला तरी उसवू नका. पहिल्या फेऱ्याला तुमच्या दोघींमध्ये अख्ख्या वाकळेचं अंतर असेल. प्रत्येक फेऱ्याला ते थोडं कमी होईल, कारण दोघी कडेकडून आत येत राहाल. बाविसावा फेरा संपेल तेव्हा मध्ये फक्त ती दोन हातांची रेघ उरलेली असेल, तुमचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागलेले असतील आणि त्यांचा हात तुमच्या हातापाशी असेल. ती शेवटची रेघ दोघींनी मिळून घाला.